माडीवरची खोली

पुण्याहून एका भगिनीचं पत्र आलंय. नाव-गाव तपशील गाळून, थोडं आटपतं घेऊन इथे देते.

"ख्रिस्तात सलाम. माझं वय एकसष्ट. मिस्टर निवृत्त आहेत, मुलगा चार वर्षांपासून जर्मनीत. मंडळीच्या बालवाडीत मी सकाळची मदत करते. तिथे पाच वर्षांचा एक सुदानी मुलगा येतो. त्याची आई इथे पीएच.डी. करतेय. नवरा आजारी वडिलांना बघायला सुदानात ओमदुरमानला गेला, तेवढ्यात २०२३च्या एप्रिलात लढाई पेटली आणि तो तिथेच अडकला. आता वर्षभर त्याचा फोनसुद्धा नाही. घरून पैसे येणं बंद, तीन महिन्यांचं भाडं थकलंय, घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितलंय. व्हिसाला अजून मुदत आहे.

"आमची माडीवरची खोली मुलगा गेल्यापासून बंद आहे. तिथला दिवाही लागत नाही. मला वाटतं, ती खोली हिला द्यावी. मिस्टर म्हणतात, 'ती मुसलमान, आपण ख्रिस्ती. उद्या कोणी म्हणेल, बाटवायला आणली. पोलीस दारात उभे राहतील. आपल्यातली असती तर गोष्ट वेगळी.' शेजारणी आत्ताच विचारायला लागल्यात. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीतून वर्गणी काढून देऊ, घरात घ्यायची काय गरज?

"मागच्या रविवारी तिला जेवायला बोलावलं होतं. मी ज्वारीची भाकरी थापत होते. ती ओट्याशी आली, परातीतलं पीठ चिमटीत धरून हुंगलं आणि म्हणाली, 'हे आमच्याकडेही असतं.' मग बराच वेळ काही बोललीच नाही. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. दार उघडलं नाही तर पाप लागेल का? आणि उघडलं तर आम्हां दोघांना झेपेल का?"

सलाम, भगिनी.

तुमचं पत्र वाचलं आणि मला शूनेमची बाई आठवली. बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात ती येते. तिचं नावही लिहून ठेवलेलं नाही. अलीशा संदेष्टा त्या वाटेने जा-ये करायचा आणि ती त्याला आग्रहाने जेवायला थांबवायची. मग एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, आपण माडीवर एक लहानशी खोली बांधू. तिच्यात एक खाट, एक मेज, एक बैठक आणि एक दिवा ठेवू. तो आला की तिथे उतरेल. चारच वस्तू. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, पण तिने दिवा आठवणीने मोजला होता, हे मला फार उशिरा दिसलं. येणाऱ्याला रात्री वाचायचं असेल, अंधारात चाचपडायला लागू नये, एवढा बारीक विचार तिने केला होता.

तिने हे नवऱ्याला आधी विचारलं, हेही बघा. त्याच्या पाठीमागे केलं नाही, आणि त्याच्या होकाराची वाट बघत गप्पही बसली नाही. काय काय लागेल, ते सगळं मनात मांडून मग त्याच्यापुढे गेली. तुम्हीही तसंच जा. "मला वाईट वाटतंय" एवढं सांगून मिस्टरांची भीती जायची नाही. त्यांची भीती खोटीही नाही. परदेशी माणूस घरात ठेवायचा, तोही आजच्या दिवसांत, आणि आपण अल्पसंख्य; घरच्या कर्त्या माणसाला धास्ती वाटणारच. त्यांना उपदेश करू नका, कागद दाखवा.

कागदांचं आधी सांगते. परदेशी नागरिकाला राहायला जागा दिली की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे तिला 'फॉर्म सी' म्हणतात. घर आपलं, ओळखीची बाई, पैसे घेत नाही, तरीही भरावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झालाय, त्यामुळे यात ढिलाई नको. पुण्यात पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांची नोंदणी करणारी शाखा आहे. तिचा पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन मिस्टरांनी स्वतः तिच्याबरोबर तिथे जावं, पत्ता बदलल्याची नोंद करून घ्यावी. लीव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवा, भाडं अगदी थोडं का असेना, पण लिहा. त्याने तुमच्या हातात कागद राहतो आणि तिलाही आपण फुकट पडून आहोत असं वाटत नाही. पोलीस दारात येतील ही भीती आहे ना? मग आपणच आधी त्यांच्या दारात गेलेलं बरं.

विद्यार्थी व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही. म्हणून तिच्या चार पैशांची सोय व्हावी या चांगल्या हेतूनेही कोणी तिला धुण्याभांड्याला लावू नये, तुमच्या घरी नाही आणि मंडळीतल्या दुसऱ्या कुणाच्या घरीही नाही. कायद्याचं एक झालंच, पण पाहुणीची मोलकरीण व्हायला आपल्याकडे आठवडासुद्धा लागत नाही.

व्हिसाची मुदत संपायच्या बरीच आधी तिला कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात घेऊन जा. फीचं काय, मुदतवाढीचं काय, मार्गदर्शकांचं पत्र मिळेल का, हे तिथेच कळेल. भारताने १९५१च्या निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. सुदान, अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतल्या लोकांची निर्वासित म्हणून नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते, तिचं कार्यालय दिल्लीत आहे. तिथे अर्ज करायचा की विद्यार्थी म्हणूनच राहायचं, हा निर्णय तिचा. तुम्ही माहिती मिळवून द्या, पण तिच्या वतीने ठरवू नका. आणि मुदत संपली तरी लपून राहू दे, असं तुम्हाला कोणी सुचवलं तर ऐकू नका. त्याने तिचंच नुकसान होईल.

आता मिस्टरांच्या त्या वाक्याकडे येते. "आपल्यातली असती तर गोष्ट वेगळी."

पोलिसांची भीती मी समजू शकते, हे वाक्य मला सोडवत नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी १९४०-४१ मध्ये त्यांना घरातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे, कितीतरी गणगोत वाटेत गमावून ती माणसं पंचगंगेकाठी येऊन पोचली. ती कॅथलिक होती. आसरा देणारं संस्थान ख्रिस्ती नव्हतं, आजूबाजूची गावं ख्रिस्ती नव्हती. तरी त्या छावणीत त्यांचं चर्च उभं राहिलं, पोलिश शाळा चालल्या. बाटवाबाटवीचा प्रश्न कोणी काढला नाही. आज पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. आपल्या धर्मबांधवांना परक्यांनी असं सांभाळलंय, भगिनी. मग आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं की ती आपल्यातली नाही?

आणि प्रभूने दाखला सांगितला तोही शोमरोन्याचा. ज्यांच्याशी यहूदी लोक पाण्याचाही व्यवहार टाळत, त्यांच्यातला एक माणूस वाटेवरच्या जखमी यहूद्याला उचलतो. "माझा शेजारी कोण?" असं शास्त्र्याने विचारलं होतं. म्हणजे यादी मागितली होती, कोण आपला आणि कोण नाही याची. प्रभूने यादी दिलीच नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात "मी परका होतो" असं तो म्हणतो, तिथेही परक्याचा धर्म सांगितलेला नाही.

तुमच्या पाळकसाहेबांचं म्हणणं मात्र मी टाकून देणार नाही. शोमरोन्याने पुढे काय केलं ते नीट वाचा. त्याने जखमी माणसाला स्वतःच्या घरी नेलंच नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणलं, एक रात्र स्वतः सेवा केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या कामाला गेला. त्याचं काम होतं, ते त्याने सोडलं नाही. पण परत येईन म्हणाला. वर्गणी देण्यात चूक काहीच नाही. वर्गणी देऊन पुन्हा न फिरकणं, यात चूक आहे. म्हणून पाळकसाहेबांना सांगा, वर्गणी हवीच आहे. थकलेलं तीन महिन्यांचं भाडं मंडळीने भरावं म्हणजे ती घरमालकाकडून मान खाली घालून निघणार नाही. भगिनी मंडळातल्या कोणीतरी कार्यालयांच्या खेपांना तिच्याबरोबर जावं. खोली तुम्ही द्या. एकट्या घरावर सगळं पडलं की तीन महिन्यांत चिडचिड सुरू होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय.

२०२०च्या मे महिन्यात आम्ही नगरला, मनमाड रस्त्याच्या कडेला राहत होतो. चालत निघालेल्या मजुरांचं एक कुटुंब आमच्या पडवीत आलं. नवरा, बायको, दोन लेकरं. बाईच्या टाचा फाटलेल्या होत्या. आम्ही त्यांना घरात घेतलं आणि ती माणसं अकरा दिवस राहिली. किती दिवस, कुठे झोपायचं, स्वयंपाक कोणी करायचा, काही ठरवलं नव्हतं; ठरवणं मला कोतेपणाचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती बाई आमच्या सगळ्यांची भांडी घासायला लागली. मी एकदा नको म्हटलं, मग म्हणेनाशी झाले. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी बघायला यायचं आणि मी तिच्यासमोरच तिची सगळी हकिकत सांगायचे. आठव्या-नवव्या दिवशी सासूबाई पाण्यावरून बोलल्या. गाडीची सोय झाली तेव्हा मी शेजारणींदेखत तिला नवी साडी दिली. ती गेल्यावर बघते तर साडी खाटेवर, घडीसुद्धा न मोडता ठेवलेली. ती घडी मला अजून दिसते.

म्हणून तुम्हाला सांगते, सुरुवातीलाच बसून बोला. दोघं नवराबायको आणि ती. सहा महिने म्हणा, सहा महिन्यांनी पुन्हा बसू म्हणा. मुदत ठरवली म्हणजे माया आटली असं होत नाही. उलट मुदत नसली की पाहुण्याला रोज सकाळी आपल्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घ्यावा लागतो. माडीला वेगळी किल्ली असू द्या आणि ती तिच्याकडेच असू द्या. जमलं तर वर छोटी शेगडी. तिचं मटण हलाल लागेल, तुमच्याकडे डुकराचं काही शिजत असेल तर भांडी वेगळी लागतील. हे तिने संकोचाने सांगण्यापेक्षा तुम्हीच विचारा. रमजानमध्ये पहाटे वर हालचाल होईल, भांड्यांचा आवाज येईल, मिस्टरांना आधीच सांगून ठेवा.

तिची हकिकत तिची आहे. शेजारणींनी विचारायच्या आधी तुम्हीच जा, चहाच्या निमित्ताने, आणि एकच वाक्य सांगा: वरची खोली कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीला दिलीय, बरोबर तिचा लहान मुलगा आहे, कागदपत्रं सगळी पोलिसांत दिलीत. बस. नवऱ्याचा फोन येत नाही वगैरे तुमच्या तोंडून बाहेर पडता कामा नये. मंडळीच्या प्रार्थनासभेतसुद्धा नाव घेऊन नको. आपल्याकडे प्रार्थनाविषय म्हणून सांगितलेली गोष्ट रविवारी दुपारपर्यंत कॉलनीभर होते.

बाटवायला आणली, या आरोपाचं काय? कोणी करायचा तो करील, त्याला आपला इलाज नाही. आपल्या हातात एवढंच की तो खरा ठरू नये. तिला उपासनेला चला म्हणू नका, पुस्तिका हातात देऊ नका, खोलीत वचनाचं कॅलेंडर लटकवून ठेवू नका. तुमच्या मेजावर जेवणाआधी तुम्ही उपकारस्तुती करता ती करा, घर तुमचं आहे. तिने तिची बिस्मिल्ला म्हणावी. बालवाडीत प्रार्थनेची गाणी होतात, ती मुलाला चालतील का हेही एकदा तिला विचारून घ्या. नाताळात तिला करंज्या करायला बसावंसं वाटलं तर बसू द्या, नाही वाटलं तरी ताट वर जाऊ द्या. खायला दिलं म्हणून आपल्या देवाकडे वळ, असा हिशोब प्रभूने पाच हजारांना जेवू घालताना मांडला नव्हता. मी हे फार कळकळीने सांगतेय, कारण आपल्याच काही जणांना हा हिशोब सुटत नाही आणि त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

पंडिता रमाबाईंचं केडगाव तुम्हाला ठाऊक असेल, पुणे-दौंड रेल्वेवरच आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या जणींना शहरात ठेवू देईनात, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या घातल्या. हे त्यांना का सुचलं? त्यांचे आईवडील १८७४ मध्ये उपासमारीने गेले होते, थोरली बहीण गेली होती. त्या आणि त्यांचा भाऊ अन्नपाण्यावाचून गावोगाव पायी हिंडले होते. निर्गमाच्या पुस्तकात म्हटलंय ना, परक्याचं मन तुम्हांला ठाऊक आहे, कारण तुम्ही मिसरात परके होता. रमाबाईंना ते ठाऊक होतं. तुमचा मुलगा जर्मनीत पहिल्या हिवाळ्यात कुणाच्या घरी राहिला होता, कोणी त्याला गरम कपडे दिले, हे मिस्टरांना एकदा आठवून बघायला सांगा. टोमणा म्हणून नको, शांतपणे.

तिची गोष्ट त्यांना कळावी म्हणून थोडं सांगते. १५ एप्रिल २०२३ला खार्तुममध्ये सुदानचं लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. आपल्या सरकारने 'ऑपरेशन कावेरी' करून तिथले तीन हजार आठशेहून जास्त भारतीय बोटी-विमानांनी परत आणले. आपल्या माणसांना आणायला देश होता. तिच्या देशातले एक कोटीहून अधिक लोक घरदार सोडून निघाले. कोणी चाडला, कोणी दक्षिण सुदानला, लाखो जण नाईलच्या वाटेने इजिप्तला, जिथे मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन रातोरात गेले होते. आणि ती ज्वारी. सुदानात ज्वारीच मुख्य धान्य. तिचं पीठ आंबवून ते पातळ पोळ्यासारखी किसरा करतात. तिने तुमच्या परातीतलं पीठ हुंगलं तेव्हा तिला काय आठवलं असेल, ते तुम्ही ओळखलंतच, म्हणून तर झोप उडालीय. एकदा तिलाच किसरा करायला सांगा. पीठ तुमचं आणि हात तिचा. मिस्टरांना वाढायलाही तिलाच सांगा. ज्या घरात आपल्या हातचं कोणी खातं, त्या घरात माणूस ओशाळं राहत नाही.

पापाचं विचारलंत, तर स्पष्ट सांगते. खोली न देणं हे पाप नाही. प्रत्येकाला घर उघडणं झेपत नाही आणि तुमचं वयही आहे. मिस्टर शेवटपर्यंत नाहीच म्हणाले तर भांडून, चोरून काही करू नका. तिला त्या भांडणात राहायला आणणं हा तिच्यावर अन्याय होईल. मग दुसरी खोली शोधा, डिपॉझिट भरा, घरमालकाला आपलं नाव-पत्ता द्या, दर शनिवारी जाऊन या. तोही पाहुणचारच. पण ती मुसलमान आहे म्हणून, शेजारणी बोलतील म्हणून ती खोली बंदच राहिली आणि महिनाअखेरीला ती त्या लेकराला घेऊन कुठे गेली हे तुम्हाला कळलंसुद्धा नाही, तर मात्र मी तुम्हाला "काही हरकत नाही" असं म्हणू शकणार नाही. तुम्ही तिला तुमच्या ओट्याशी उभं केलंय.

शूनेमच्या बाईची गोष्ट चौथ्या अध्यायात संपत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. आठव्या अध्यायात ती पुन्हा येते. देशात दुष्काळ पडणार म्हणून अलीशा तिला म्हणतो, ऊठ, घरच्यांना घेऊन निघ, जिथे जमेल तिथे परकी म्हणून राहा. आणि ती जाते. सात वर्षं पलिष्ट्यांच्या देशात, शत्रूच्या मुलखात. तिला तिथे कोणी ठेवून घेतलं, ते लिहिलेलं नाही. पण कोणीतरी घेतलंच असणार, सात वर्षं उघड्यावर कोण जगतं? परत येते तर घर गेलेलं, शेत गेलेलं. राजापुढे जाऊन गाऱ्हाणं घालावं लागतं, तेव्हा सगळं परत मिळतं. माडीवर खोली बांधून खाट आणि दिवा ठेवणारी बाई दुसऱ्याच्या दारात उभी राहिली. मिस्टरांना हे दोन्ही अध्याय एका बैठकीत वाचून दाखवा, रात्री जेवणं झाल्यावर.

महिनाअखेरीला दिवस थोडे आहेत. वरच्या खोलीची वायरिंग चार वर्षं बंद आहे म्हणता, पावसाळ्यात ओल धरली असेल. उद्याच वायरमनला बोलवा.